कोनोकार्पस, सासूबाईंचा खोकला आणि सोसायटीची कुऱ्हाड

सुरसागरकाठची – ९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्याचे, मांजलपूरला राहतो (माहेर सुरसागर तलावाजवळच्या दांडिया बजारातलं, म्हणून हा आयडी). गेली दोन वर्षं जानेवारी सरला की सासूबाईंच्या शिंका सुरू होतात. डोळे चुरचुरतात आणि पहाटे चारच्या सुमारास खोकल्याची उबळ येते ती अर्धा-अर्धा तास थांबत नाही. "छातीत मांजर बसलंय गं," असं त्या म्हणतात, आणि खरंच तसाच आवाज येतो.

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडला लागून कोनोकार्पसची ४३ झाडं आहेत. बिल्डरने लावली, पाणी घाला न घाला, हिरवीगार. सप्टेंबर २०२३ मध्ये गुजरात सरकारने हे झाड लावायला बंदी घातली, तेव्हापासून ग्रुपवर रोज काही ना काही फिरतंय: याने दमा होतो, याने पाइप फुटतात, यावर पक्षी बसत नाहीत. रविवारच्या मीटिंगमध्ये सगळी झाडं तोडायचं ठरलं. एक काका सर्वांसमक्ष म्हणाले, "आजींसाठीच तर करतोय!" म्हणजे ४३ झाडांचं पाप आमच्या आईंच्या माथी.

झाडच कारण असेल तर मी कुऱ्हाडीच्या आड येणार नाही. पण ते तसं आहे की नाही, हे कळायचं कसं? कोणी अनुभवी असेल तर सांगा.

ओटलेकर – ९ फेब्रुवारी, रात्री ११:१५

ज्या झाडाचं नाव आजीला उच्चारता येत नाही ते दारात लावू नये, हा आमच्या घरचा साधा नियम. अहो, या गावाचं नावच वडावरून पडलंय. वटोदर, वडाच्या पोटातलं गाव! सयाजीरावांनी १८७९ मध्ये कमाटी बाग उभी केली. पुढे क्रुम्बिगेल नावाचा जर्मन बागवान बडोद्याला ठेवला, तोच नंतर बंगळुरूच्या लालबागेत गेला. त्या काळी झाड लावायचं तर माणूस विचार करायचा. आता ठेकेदार डिव्हायडरची लांबी मोजतो आणि रोपांचा आकडा सांगतो.

तोडा म्हणत नाही हां. फक्त बोटं मोडून घेतली.

परागकण – १० फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, एमएससी इथलीच, सयाजीराव विद्यापीठाची. थोडं लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पराग दोन तऱ्हेने प्रवास करतो, किड्यांच्या अंगावरून किंवा वाऱ्यावरून. ज्यांना किडे बोलवायचे असतात ती झाडं रंग, वास, मध असा सगळा थाट मांडतात, आणि त्यांचा पराग चिकट, जड असतो, झाडाखालीच पडतो. गुलमोहोर, बहावा, कांचन यांच्यावर लोक उगाच आळ घेतात. ज्यांचं काम वाऱ्यावर चालतं त्यांना थाटाची गरज नसते. फूल इतकं फुटकळ असतं की ते फुललंय हेसुद्धा कळत नाही, पण पराग मात्र ढीगभर, हलका आणि कोरडा. शिंका येतात त्या बहुतेक या दुसऱ्या मंडळींमुळे.

आत्ता फेब्रुवारीत बाहेर पडलात तर वावळ बघा. पानं गळून गेलेली असतात, काळपट फांद्यांवर बारीक हिरवट-तपकिरी झुपके. महिन्याभराने त्याच फांद्यांवर पापडासारख्या गोल, चपट्या शेंगा लटकतात, त्या मात्र सगळ्यांना माहीत असतात. वावळाचा पराग उत्तर भारतातल्या नामांकित त्रासदायक परागांपैकी एक आहे. पण त्याच्याविरुद्ध ग्रुपवर मेसेज फिरत नाहीत, कारण तो आपला. दुसरा गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. विश्वामित्री नदीच्या कोतरांत (घळींत) मगरींच्या डोक्यावर उभी असते ती. तिसरा अरडुसो, आपला महारुख, शेताच्या बांधावर रांगेने लावलेला असतो.

आता कोनोकार्पस. अर्जुन, बेहडा, हिरडा यांच्याच कुळातला, म्हणजे नात्याने परका म्हणायचं तर जरा जपूनच. दोन जाती आहेत: एक अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेच्या खारफुटीतली, दुसरी सोमालिया-येमेनकडची. फुलं हिरवट, बारीक, गोल गुंडीसारख्या गुच्छात. तो निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. इराणच्या अहवाझ शहरात ॲलर्जीच्या रुग्णांवर काम झालं, त्यात कोनोकार्पसच्या परागाला प्रतिसाद देणारी प्रतिद्रव्यं सापडली आहेत. पण मुळात फूल आलं तर पराग! दर दोन महिन्यांनी कात्री चालवून भिंतीसारखं छाटलेलं झाड फुलतं किती?

सुरसागरकाठची ताई, तुमची झाडं फुलली आहेत का? आधी जाऊन बघा.

नाकपुश्या – १० फेब्रुवारी, सकाळी ९:२०

वाचतोय. आणि शिंकतोय. इथेच बडोद्यात, अकोट्यात राहतो, आमच्याकडे कोनोकार्पस नाही, वावळ आहे. आता खिडकीतून त्याच्याकडे संशयाने बघणं सुरू झालंय. धन्यवाद.

सुरसागरकाठची – १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०

परागकण ताई, जाऊन आले. दुर्बीण नव्हती, लेकीचा मोबाइल झूम करून बघितलं. रस्त्याकडची ३९ झाडं एकदम कोरी, पान न् पान छाटलेलं, गुंडी एकही नाही. मागच्या बाजूला, पंपाच्या खोलीमागे चार झाडं आहेत, तिथे माळ्याची शिडी लागत नाही. ती दोन मजले चढलीत. त्यांच्या शेंड्याला मात्र बटणांसारखे गुच्छच गुच्छ. बोटात चुरडला तर खवल्या-खवल्यांचा भुगा झाला.

आणि खरं सांगायचं तर पंपाच्या खोलीवरची खिडकी आईंचीच.

कडूकारलं – १० फेब्रुवारी, रात्री ८:१०

परदेशी झाड म्हणून बोंब मारणाऱ्यांनी आधी घरातून मिरची, बटाटा, पेरू, सीताफळ बाहेर काढावं. सगळं मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडून आलंय. देशीवाद झाडांवर कशाला?

परागकण – १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

कडूकारलं, पाहुणा कुठून आला हा प्रश्न नाही, घरात येऊन काय करतो हा आहे. मिरची परसाबाहेर पळत नाही. गांडो बावळ पळाला. १८७७ मध्ये हे झाड भारतात आलं. कच्छच्या बन्नीत खारं रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने १९६१ पासून ते लावलं. गुरांनी गोड शेंगा खाल्ल्या, बी शेणातून सगळीकडे पेरलं गेलं, आणि आशियातल्या नावाजलेल्या गवताळ कुरणांपैकी एक काट्यांनी भरलं. त्याच झाडावर कोळसा पाडणाऱ्यांची चूल पेटते, मधमाश्या त्यावर जगतात. आणि त्याच्याच परागाने माणसं खोकतात. एकाच झाडाची जमा आणि नावं दोन वेगवेगळ्या वह्यांत लिहिलेली असतात, म्हणून भांडणं होतात.

कोनोकार्पसबद्दल माझी तक्रार तब्येतीची नाहीच. शहरभर एकाच जातीच्या हजारो झाडांची भिंत उभी करायची, हीच मुळात वाईट सवय. एखादा रोग आला तर सगळी रांग एकदम जाते. मुळांचा त्रास कुवेतसारख्या ठिकाणी नोंदवलेला आहे, पाण्याच्या मागे ती पाइपात घुसतात. एवढी कारणं पुरे आहेत. त्यासाठी कुणाच्या आजीचा खोकला पुरावा म्हणून हजर करायची गरज नाही.

लष्करवाला – ११ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मी ग्वाल्हेरचा, लष्करात राहतो (फौजेत नाही हो, लष्कर हा आमचा मोहल्ला). आमच्याकडे शत्रू वेगळा, गाजर घास. तुम्ही काँग्रेस गवत म्हणता ते.

बाबा निवृत्तीनंतर प्लॉटवरची घास स्वतः उपटायचे, हातमोजे न घालता. पहिल्या वर्षी मनगटाला खाज. दुसऱ्या वर्षी पापण्या सुजल्या, मानेच्या घड्या आणि कोपराच्या आतल्या बाजू काळ्या, जाड पडल्या, हत्तीच्या कातडीसारख्या. तिसऱ्या वर्षी उपटणं बंद केलं तरी तेच. घराबाहेर न पडताही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता हवेतून येणारा चुरासुद्धा पुरतो. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवल्या, पार्थेनियमची, म्हणजे याच गवताची, जागा लालभडक. गुलदावदीच्या, म्हणजे शेवंतीच्या जागीही लाली आली. देवाला शेवंती वाहणं बंद झालं, आई अजून हळहळते.

ओटलेकर – ११ फेब्रुवारी, दुपारी २:००

अमेरिकेने पीएल-४८० च्या, म्हणजे मदतीच्या गव्हातून पाठवलं ते! आम्ही रेशनला रांग लावून गहू घेतला, सोबत गवत फुकट.

परागकण – ११ फेब्रुवारी, दुपारी ४:१५

ओटलेकर काका, ही गोष्ट महाराष्ट्रातही घरोघरी सांगतात, पण ती अर्धीच. १९५० च्या दशकात पुण्यात ते ठळकपणे नोंदलं गेलं हे खरं, गव्हाबरोबर भरपूर पसरलं असेल हेही शक्य. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नोंदींतही ते भारतात दिसतं. पाहुणा आधीच ओसरीवर होता, गव्हाने त्याला घरात घेतलं म्हणा.

एक रोप हजारो बिया टाकतं, वर मुळा-पानांतून पार्थेनिनसारखी रसायनं सोडून शेजारच्या रोपांना उगवू देत नाही. तेच पार्थेनिन लष्करवाल्यांच्या बाबांच्या कातडीला भोवलं. म्हणजे गवत शेजाऱ्याशी ज्या हत्याराने भांडतं, तेच हत्यार माणसाला लागतं. वर्गात मी इथे हमखास थांबते, मागच्या बाकावरचेही मान वर करतात. १९८४ मध्ये बंगळुरूला मेक्सिकोचा एक भुंगेरा त्यावर सोडला. तो पावसाळ्यात पानांची चाळण करतो, पण गवत संपवत नाही. टाकळा दाट वाढू दिला तर तोही त्याला दाबतो.

स्टेथोस्कोप – ११ फेब्रुवारी, रात्री १०:४५

छातीचे रोग बघते, इंदूरला. लष्करवाल्यांच्या बाबांचं आणि सुरसागरकाठचीच्या सासूबाईंचं दुखणं एकसारखं वाटलं तरी शरीरातली वाट वेगळी आहे. कातडीचं ते उशिरा येणारं, पेशींमार्फत होणारं. म्हणून पट्टी दोन दिवस ठेवावी लागते. शिंका आणि सूं सूं हे आयजीई नावाच्या प्रतिद्रव्याचं काम, मिनिटांत सुरू होतं. त्याची तपासणी हातावर थेंब ठेवून, सुईने हलकं टोचून करतात. पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते. सोबत नुसत्या मिठाच्या पाण्याचा एक थेंब आणि हिस्टामिनचा (ज्याने गांधी उठतेच) एक थेंब असतो. पाण्यापेक्षा तीन मिलिमीटर मोठी गांधी आली तर ती मोजायची.

ही तपासणी कोणी शोधली माहीत आहे? चार्ल्स ब्लॅकले, मँचेस्टरचा डॉक्टर, स्वतःच शिंकणारा. १८७३ मध्ये त्याने आपलं काम छापलं. स्वतःच्या हाताला ओरखडे काढून त्यात पराग चोळला. आणि बडोदेकरांनो ऐका, पराग किती उंचावर असतो हे बघायला त्याने चिकट काचपट्ट्या बांधून पतंग उडवला! जमिनीपेक्षा पतंगावर पराग जास्त सापडले. उत्तरायणाला अगाशीवर शिंकत पतंग उडवणारे तुमच्यात पुष्कळ असतील.

ताई, गांधी उठली म्हणजे आजार सिद्ध झाला असं नाही. शरीर त्या गोष्टीला ओळखतं इतकंच. फुंकून बघण्याची चाचणी करा, आणि कुठलाही निकाल आला तरी इन्हेलर मनाने बंद करू नका.

नाकपुश्या – ११ फेब्रुवारी, रात्री ११:०५

पतंगाची माहिती वाचून धन्य झालो. वाचनखूण साठवली आहे.

सुरसागरकाठची – २० फेब्रुवारी, पहाटे ५:२०

झोप लागत नाहीये म्हणून लिहितेय. काल झाडं तोडायला माणसं आली. पालिकेची परवानगी आली का, हे मी विचारेपर्यंत १७ झाडं आडवी. सगळी पुढच्या रांगेतली, छाटलेली, फूल नसलेली. पंपाच्या खोलीमागच्या चार झाडांना कोणी हात लावला नाही, तिथे ट्रॅक्टर जात नाही.

संध्याकाळी ओला पालापाचोळा कोपऱ्यात जाळला. पिवळा, दाट धूर, वर न जाता जमिनीलगत सरपटत तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. रात्री एक वाजता आईंना घेऊन दवाखान्यात पळालो. नेब्युलायझर दोनदा. आता झोपल्यात.

दोन वर्षांत झाडांनी जे केलं नाही ते झाडं तोडण्याने एका रात्रीत केलं.

स्टेथोस्कोप – २० फेब्रुवारी, सकाळी ६:१०

काळजी घ्या. ओला पाला जाळल्याचा धूर कुठल्याही परागापेक्षा वाईट. त्याचे कण इतके बारीक असतात की थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. अख्खा पराग सहसा नाकातच अडकतो. आज खिडक्या बंद ठेवा, पुन्हा दम लागला तर थांबू नका.

ओटलेकर – २० फेब्रुवारी, सकाळी ८:००

बेन, तिथे असतो तर मीही आलो असतो भांडायला. आता कमिटीला सांगा, पुढचा पाला खड्ड्यात. खत होईल. आणि आईंना नमस्कार सांगा, कोणाच्या का होईना, आई त्या.

परागकण – २० फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४०

ताई, तुमची हरकत नसेल तर एक करू. तीन काचपट्ट्यांवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. एक आईंच्या खिडकीत, एक गच्चीवर, एक रस्त्याकडच्या गॅलरीत, चोवीस तास, आडवी. डबीत घालून मला द्या. नीट मोजायचं यंत्र वेगळं असतं, ते माणसाइतकी हवा, मिनिटाला दहा लिटर, ओढून घेतं आणि तासागणिक पट्टी पुढे सरकवतं. आपल्या काचेवरून हवेत किती पराग ते सांगता येणार नाही, पण कोण कोण येऊन गेलं ते दिसेल.

सुरसागरकाठची – २१ फेब्रुवारी, सकाळी ९:००

ठेवल्या. गच्चीवरच्या पट्टीवर कावळा बसून गेला, ती परत ठेवली.

परागकण – २६ फेब्रुवारी, रात्री १०:२०

रविवारी लॅब रिकामी होती, तिन्ही पट्ट्या गुलाबी रंगवून चारशे पटीत बघितल्या.

गच्चीवर गवतं आहेत: गोल, एकच भोक, भोकाला कडं. माठ-राजगिऱ्याच्या कुळातले, गोल्फच्या चेंडूसारखे खड्डेच खड्डे. वावळाचे भरपूर, कडेला चार-पाच छिद्रं. काटेरी बारीक चेंडू, ते बहुधा आपलं काँग्रेस गवत. रस्त्याकडच्या पट्टीवर परागापेक्षा काजळी जास्त, आणि काही पराग काजळीत लडबडलेले. ते बघून मला कसंतरीच झालं. डिझेलची काजळी ॲलर्जीला आणखी फुंकर घालते, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते, पण एकाच काचेवर दोघांना मिठी मारलेलं बघणं वेगळं.

आईंच्या खिडकीतल्या पट्टीवर गांडो बावळाचे लांबट कण. आणि सहा खाचांचे बरेच, तीन खऱ्या, तीन खोट्या. ही कोनोकार्पसच्या कुळाची खूण. पण तीच खूण अर्जुनाची आणि बेहड्याचीही. माझ्या सूक्ष्मदर्शकातून जात वेगळी करता येत नाही. आत्ता अर्जुन फुललेला मला तरी आसपास दिसला नाही आणि खिडकीखाली फुललेले चार कोनोकार्पस आहेत. मला वाटतं ते तेच असावेत. शपथेवर विचाराल तर सांगणार नाही.

शिवाय बुरशीचे बीजाणू, खूप. गदेसारखे, आडव्या-उभ्या भिंतींचे. घरात कुठे ओल आहे का?

सुरसागरकाठची – २६ फेब्रुवारी, रात्री ११:००

ओल! ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं होतं. तेव्हा आई तळमजल्यावर नणंदेकडे राहायच्या. त्यांची कापसाची गादी आणि शिसवी कपाट वाळवून वर आणलं. गादी टाकू देत नाहीत, माहेरची आहे. आत्ता जाऊन कपाट ओढलं. मागची फळी काळी ठिपकेदार, बोट लावलं तर बोट काळं.

आणि त्रास सुरू झाला तो २०२५ च्या जानेवारीअखेर. हे मी आतापर्यंत जोडलंच नव्हतं.

कडूकारलं – २७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मी शब्द मागे घेत नाही, पण हा धागा वाचायला मजा येतेय.

सुरसागरकाठची – १३ मार्च, रात्री ९:१५

तपासणी झाली. त्याआधी आठवडाभर शिंकांची गोळी बंद ठेवावी लागली, तो आठवडा आम्ही सगळ्यांनीच सोसला. आईंनी हात पुढे केला, सिस्टरने पेनाने आकडे लिहिले आणि थेंब ठेवले. पंधरा मिनिटं आई हाताकडे अशा बघत होत्या जणू पत्रिका उलगडतेय.

धुळीतल्या किडीची गांधी नऊ मिलिमीटर, हिस्टामिनपेक्षा मोठी. गांडो बावळ सहा. बुरशी चार. वावळ शून्य (नाकपुश्या, तुमचं तुम्ही बघा). कोनोकार्पस? यादीतच नव्हता. तपासायचा अर्कच त्यांच्याकडे नाही म्हणाले.

म्हणजे ज्याच्यासाठी सगळं रामायण झालं त्याचं उत्तर कागदावर कोरंच.

स्टेथोस्कोप – १३ मार्च, रात्री १०:००

असंच असतं. जे तपासता येतं त्यावर आधी काम करा. गादी जाऊ द्या. निदान तिला झिप असलेलं जाड आवरण घाला आणि चादरी साठ अंश गरम पाण्यात धुवा. कपाटाची फळी बदला. गांडो बावळ तर तुम्ही तोडू शकत नाही. तो फुलतो त्या दिवसांत कपडे गच्चीवर वाळवू नका, पराग कपड्यांना चिकटून घरात येतो. नाकातला फवारा रोज, त्रास असो वा नसो.

लष्करवाला – १४ मार्च, दुपारी १२:१०

गादीवरून घरात महाभारत होईल ताई, तयारीत राहा. आमच्याकडे बाबांचा जुना कोट निघायला दोन वर्षं लागली.

परागकण – १४ मार्च, संध्याकाळी ६:३०

उरलेल्या २६ झाडांचं काय ठरलं?

सुरसागरकाठची – १६ मार्च, रात्री ८:४५

ठेकेदाराचे पैसे संपले म्हणून काम थांबलंय, तत्त्वासाठी नाही. आज मीटिंगमध्ये मी म्हटलं की पंपाच्या खोलीमागची चार झाडं शेंड्यावरून उतरवा, वर्षातून दोनदा, फूल यायच्या आत. बाकीची टप्प्याटप्प्याने काढा, तोडली तिथे आधी दुसरं लावा, आणि एकच जात नको. तामण, करंज, कांचन अशी मिसळ. पाला खड्ड्यात. चौघांनी हात वर केले, काकांनी नाही केला. खड्ड्याचा ठराव मात्र एकमताने पास, कारण त्या रात्री धूर सगळ्यांच्याच घरात शिरला होता.

गादीचं अजून बोलले नाहीये. आई आत्ता तिच्यावरच बसून सिरियल बघतायत. परागकण ताई, अजून तीन काचपट्ट्या उरल्यात, ऑक्टोबरात परत ठेवू का?

परागकण – १६ मार्च, रात्री ९:०५

ठेवा. या खेपेला कावळ्यासाठी वर जाळी लावा.